कळंबे सरांचं पाऊल

कळंबे सर दगडाला जीभ लावून बघायचे, ही गोष्ट शोकसभेत कुणीही सांगितली नाही. संस्थेच्या सचिवांनी त्यांना ज्ञानतपस्वी म्हटलं, भूमातेचे सुपुत्र म्हटलं, आणखीही बरंच काही म्हटलं. सर स्वतः तिथे असते तर त्यांनी एक बूट काढून त्यातली वाळू झटकली असती. कंटाळा आला की ते तेच करायचे, मग समोर प्राचार्य असोत की लग्नातली पंगत. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मानेनंच नाही म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते सचिवांच्या समोर सांगण्यासारखं नव्हतं, आणि दोन मिनिटांत मावणारंही नव्हतं. म्हणून आता घरी बसून लिहिते आहे.

आम्ही दोघंही पांढुर्ण्याचे आणि दोघांची नोकरी सौंसरला. मी वाणिज्य शिकवायची, ते भूविज्ञान. कॉलेज छोटं, एका संस्थेचं. त्याचं नाव इथे सांगायची गरज नाही. सकाळच्या बसमध्ये सर खिडकीची जागा धरायचे आणि रस्त्याकडेला कुठे विहिरीचं खोदकाम दिसलं की अर्धे बाहेर वाकायचे. कंडक्टर ओरडायचा. सर आत यायचे, पण डोळे तिथेच. उतरताना हातात कुठला तरी खडा असायचा, तो रुमालानं पुसायचे आणि जिभेला लावायचे. चिकटला तर चिकणमातीचा, नाही चिकटला तर दुसऱ्या कशाचा. ओला झाला की रंगही खरा कळतो म्हणे. बसमधल्या बायका तोंडाला पदर लावायच्या आणि मी दुसरीकडे बघायची, आपण यांच्यासोबत नाही अशा थाटात.

आमच्या पांढुर्ण्याकडची जमीन काळी, कापसाची. सौंसर जवळ आलं की रस्त्याच्या कडेला पांढरे, गुलाबी, चमकणारे दगड डोकं वर काढतात. मला वीस वर्षांत हा फरक कधी दिसला नव्हता. सरांनी दाखवला आणि मग दिसेनासा करणं मला जमलं नाही. ते म्हणायचे, "मॅडम, आपण पांढुर्ण्यात नातीच्या घरून बसतो आन् सौंसरले तिच्या खापरपणजीच्या घरी उतरतो. तिकीट मातर कंडक्टर एकाच गावचं घेते." इकडचा काळा दगड तिकडच्या पांढऱ्यापुढे अगदी कालचा, असं त्यांना सांगायचं असायचं.

उंच, वाळका माणूस. पॅंट इस्त्रीची आणि पायात कॅनव्हासचे बूट, बारा महिने. खांद्यावरच्या पिशवीत हातोडी. गळ्यात दोरीला बांधलेलं छोटं भिंग. पुढे त्याच दोरीत एक शिटी आली, आणि मग वर्गात दगड बघायला ते शिटी डोळ्याला लावायचे आणि मैदानावर भिंग ओठांना. पोरं वाट बघत बसायची, आज काय होतं ते.

ती शिटी कशी आली ते सांगते. आमचे क्रीडाशिक्षक दुसरीकडे सरकारी नोकरी लागून निघून गेले. जागा भरायची नव्हती. सचिव म्हणाले, "कळंबे, तुम्ही तसेही बूट घालूनच असता. शारीरिक शिक्षण तुम्हीच बघा." स्टाफरूममध्ये हशा झाला. सरांना मात्र विनोद कळलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पहिल्या बसनं जाऊ लागले आणि सूर्य वर यायच्या आत मैदानावर उभे राहू लागले.

मैदानावर तेव्हा आसपासच्या खेड्यांतली पोरंपोरी पळायला यायची. कुणाला पोलीस भरती, कुणाला फौज. बहुतेकांनी कुठे प्रवेशच घेतलेला नसायचा, नाहीतर नावापुरतं बी.ए. त्याच सुमारास नवा अभ्यासक्रम आला. एक विषय मुख्य घ्यायचा आणि त्याच्या जोडीला भलताच कुठला तरी गौण विषय घेता येईल, असं त्यात होतं. तो कागद शेवटपर्यंत वाचणारा आमच्या कॉलेजातला एकच माणूस म्हणजे कळंबे सर. भूविज्ञानाला पोरं मिळत नव्हती आणि सचिव दरवर्षी विषय बंद करायचं बोलत होते. सर फेऱ्या संपवून धापा टाकणाऱ्या पोरांना खाली बसवायचे आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दगड द्यायचे. "दम खाता-खाता पाहा. घाई नाई." आठवडाभरानं विचारायचे, "मेजर भूविज्ञान घे, मायनर शारीरिक शिक्षण. पळशीन बी अन् शिकशीन बी." अशानं वर्ग भरला. मी चिडवलं, "सर, आता पोरं पळवणार का डोंगर?" ते म्हणाले, "दोन्ही पळतेत मॅडम. डोंगर जरा हळू पळते."

शिकवायचेही दोन्ही एकदमच. पोरांचे मनोरे रचायचे आणि वरून खाली विचारत जायचे, कोणता थर जुना. सगळ्यात खालचा पोरगा दबलेल्या आवाजात म्हणायचा, "मी जुना सर, लवकर आटपा." सतरंजी दोन्ही बाजूंनी ढकलायला लावून खडकांना घड्या कशा पडतात ते दाखवायचे. माझा जमाखर्चाचा वर्ग बाजूच्याच खोलीत, तिथे माझी पोरं खिडकीतून हे बघत बसायची. मी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा सरांनी माफी मागितली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मैदानाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात एक खडक होता. कमरेइतका उंच, बैलगाडीएवढा लांब, पांढरा, आणि त्यात गुलाबी-करडे पट्टे. जमिनीतूनच वर आलेला. पोरं त्यावर टॉवेल वाळत टाकायची. सर त्याला म्हातारा म्हणायचे. संस्था अभ्याससहलीला बस देत नव्हती, त्यामुळे हा म्हाताराच त्यांची प्रयोगशाळा होता. दरवर्षी नव्या पोरांना तिथे नेऊन ते त्याच्यावर लिंबू पिळायचे. बारीक फेस यायचा आणि पोरं चूप व्हायची. "पोटात चुना हाय याच्या. इथं समुद्र होता, बाप्पा. तुमच्या संत्र्याच्या वावरावर समुद्र होता." सचिवांना त्या खडकावर ऑइलपेंटनं कॉलेजचं नाव रंगवायचं होतं. पेंटर डबा घेऊन आला तेव्हा सर खडकावर जाऊन बसले आणि संध्याकाळच्या बसपर्यंत उठलेच नाहीत.

मग सरांनी मैदानावर पळायचा ट्रॅक करायला घेतला. चारशे मीटरचा फेरा, म्हणजे भरतीच्या आठशे मीटरला बरोबर दोन फेरे. एकाच्या बापाचा ट्रॅक्टर, दुसऱ्याच्या गावचा मुरूम, पोरांचे हात. पण उत्तरेचं वळण नेमकं म्हाताऱ्याच्या अंगावरून जात होतं. खडक फोडा नाहीतर वळण आत घ्या, दुसरा मार्ग नव्हता. सरांनी वळण आत घेतलं आणि तिकडे जेवढं कमी झालं तेवढं दक्षिणेकडे भिंतीपर्यंत ओढून भरून काढलं. फेरा दिसायला वाकडा झाला. पोरं त्याला वाकडा फेराच म्हणायची.

मोजला त्यांनी पावलांनी. इथे मला सरांच्या पावलाबद्दल सांगायला हवं. कॉलेजात यायच्या आधी, तरुणपणी, ते जंगलात नकाशे काढणाऱ्यांच्या तंबूंत राहिले होते. तिथे प्रत्येकाचं पाऊल आधी मोजून घेतात आणि मग तो माणूस दिवसभर चालत-मोजत नकाशावर खुणा करत जातो. सरांच्या पावलाची तिथे ख्याती होती म्हणे. पुढे आयुष्यभर ते सगळं पावलांनीच मोजत आले. लग्नाचा मांडव, शेजाऱ्याच्या कुंपणाचं भांडण, बसस्टँड ते कॉलेज. चालताना ओठ हलत असायचे. नवा माणूस समजायचा, जप चालू आहे. ट्रॅक आखताना कुणीतरी फीत आणू का विचारलं. सर म्हणाले, "फीत दोघांले लागते. पाऊल एकट्याले पुरते." दोनदा चालून बघितलं, समाधान झालं, आणि चुन्याची रेघ मारली.

मोनाली कामडी त्या ट्रॅकवर तयार झाली. जामसांवलीच्या बाजूच्या खेड्यातली पोरगी, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ठेंगणी, कमी बोलणारी, आणि नाकावर राग. सायकल भिंतीला टेकवायची, ओढणी कमरेला बांधायची आणि पळायला लागायची. सरांच्या वर्गात दगडाला जीभ लावताना तोंड वाकडं न करणारी तीच एक. खडकाचं चित्र तिनं असं काढलं होतं की सरांनी ते मला आणून दाखवलं. त्यांना वाटायचं, ही पुढे एम.एस्सी. करेल. तिला पोलीस व्हायचं होतं, आणि सरांनी ते मान्य केलं.

बापाचं म्हणणं होतं, पोरगी शिकली तेवढी पुरे, सोयरीक आली आहे. सर त्यांच्या घरी गेले. एकदा भरती देऊ द्या, म्हणाले. कामडीभाऊंनी विचारलं, "निघन का पण?" सर म्हणाले, "माह्या शब्दावर राहा. मी रोज टाइम घेऊन राहिलो तिचा. निघते." लेखी परीक्षेत ती निघाली. शारीरिक चाचणीला जबलपूरला गेली आणि आठशे मीटरला काही सेकंदांनी मागे राहिली. तिच्यासोबत आमच्या मैदानावरच्या आणखी तिघी गेल्या होत्या. त्याही सगळ्या तशाच, थोड्या-थोड्या उशिरानं.

परत आल्यावर ती सरांना एवढंच म्हणाली, "सर, मी तेवढीच पळाली. रोजच्याएवढी."

स्टाफरूममध्ये ज्यानं-त्यानं कारणं काढली. पोरी घाबरल्या असतील, मोठं मैदान, परकं गाव.  सरांनी दोन दिवस बसमध्ये खिडकीची जागा घेतली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मॅडम, ऐतवारी याल का सौंसरले? फीत धरायले कोणी पाहिजे. पोरायले नाई बोलवत." रस्त्याचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराकडून त्यांनी लांब फीत मागून आणली होती.

मी गेले. रविवारची दुपार, मैदानावर कुणी नाही. मी एक टोक धरून उभी राहायची आणि सर दुसरं टोक घेऊन रेघेवर वाकत पुढे जायचे. ऊन होतं. पूर्ण फेरा झाल्यावर त्यांनी बेरीज केली, मला करायला लावली, आणि आकडे जुळले. फेरा कमी भरत होता. फार नाही, पण दोन फेऱ्यांत पोरगी मागे पडायला तेवढं भरपूर झालं.

मला वाटलं, वाकड्या वळणात चूक झाली असेल. सर म्हणाले, थांबा. फीत जमिनीवर सरळ पसरली आणि तिच्या बाजूनं नेहमीसारखे चालत गेले, ओठ हलवत. शेवटाला पोचले, खाली बघितलं. परत मागे आले आणि पुन्हा चालले. मग मुरमावरच बसले. उजव्या गुडघ्यावर हात होता. तो गुडघा त्यांना कधीपासून दुखत होता हे मला माहीत होतं; बसची पायरी चढताना दिसायचं.

"माह्यं पाऊल आखूड झालं, मॅडम," ते म्हणाले. "कधी झालं ते मले कळलंच नाई. मी तं तसाच चालून राहिलो होतो."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी व्यवहाराचं बोलते. म्हटलं, सर, झालं ते झालं. कुणाला सांगू नका. रेघ नीट करा, पोरी पुढच्या वेळी जास्त पळतील, विषय संपला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. "अन् त्या पोरीले आयुष्यभर वाटत राहीन का आपलेच पाय कमी पडले," ते म्हणाले. "तिचे पाय बरोबर होते. ते तिले कोण सांगन?"

त्याच संध्याकाळी आम्ही मोनालीच्या घरी गेलो. अंगणात बाज टाकली, पाणी आलं. सर बसले नाहीत. उभ्या-उभ्या त्यांनी सांगितलं: फेरा कमी होता, मी चुकीचा मोजला, त्यामुळे घड्याळातला टाइम खोटा होता. तुझी काही चूक नाही. एवढं बोलायला त्यांना पुष्कळ वेळ लागला. कामडीभाऊ जमिनीकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "सर, शब्द तुम्हीच देल्ला होता." सर म्हणाले, "हो."

मोनाली दारात उभी होती. तिनं विचारलं, किती कमी होता. सरांनी सांगितलं. ती मनात हिशेब करत होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाली, "वळण आतून काऊन घेतलं होतं?"

"म्हाताऱ्यासाठी."

"म्हणजे तुम्हाले दगड वाचवाचा होता."

सरांना सांगता आलं असतं की चूक वळणाची नव्हती, पावलाची होती. वळण आत घेतलं नसतं तरी त्याच पावलानं माप चुकलंच असतं. मी तोंड उघडणार होते. सरांनी मला हातानं थांबवलं आणि तिला म्हणाले, "हो. मले दगड वाचवाचा होता." मग कामडीभाऊंकडे वळून एक वर्ष मागितलं. पुढची भरती निघेपर्यंत पोरीला पळू द्या, एवढंच. बाप पोरीकडे बघू लागला. ती म्हणाली, "येईन मी पळायले," आणि आत निघून गेली. चहा आम्ही न पिताच निघालो, आणि बाकी तिघींच्या घरीही सर तेच सांगून आले.

फेरा वाढवायला दक्षिणेकडे भिंत होती, जागा उरली होती ती फक्त म्हाताऱ्याची. दुसऱ्या दिवशी सर सचिवांकडे गेले आणि म्हणाले, खडक काढायचा आहे, जेसीबी पाहिजे. सचिवांना आनंदच झाला. ज्या माणसानं दहा वर्षं सहलीला बस दिली नव्हती, त्यानं दोन दिवसांत जेसीबी दिला.

मी बघायला जाणार नव्हते, पण गेले. ड्रायव्हर खडकाच्या डोक्यावर घाव घालत होता आणि नुसते तुकडे उडत होते. सर पुढे गेले, हात वर करून मशीन थांबवलं आणि एका रेघेवर तळवा ठेवला. "इथं मार. इथं जोड हाय त्याचा. वरून मारून काही होत नाई." ड्रायव्हरनं तिथे मारलं आणि खडक सुटला, मोठ्या फळ्यांसारखा. कुठे मारलं की तो सगळ्यात सोपा तुटेल हे त्या मैदानावर फक्त सरांनाच माहीत होतं, आणि त्यांनी एकेक जागा दाखवली. पोरांनी तुकडे उचलून घरी नेले. सरांनी एकही नेला नाही. खड्डा बुजवला, रोलर फिरवला, फितीनं नवं वळण आखलं आणि फीत धरायला दुसऱ्या टोकाला एक नाही, दोन पोरं उभी केली.

जूनमध्ये सचिवांनी त्यांना बोलावलं. तुम्हीच म्हणत होता खडक म्हणजे प्रयोगशाळा, आता तीही नाही, मग विषय कशाला ठेवायचा. त्या वर्षी भूविज्ञानाला नवे प्रवेश दिले नाहीत. मी भडकले. सरांना म्हटलं, भांडा तरी, तुम्ही आयुष्य घातलंत. ते बसच्या पायरीवर गुडघा सावरत चढले, जागेवर बसले आणि मग उत्तर दिलं. "मॅडम, म्हाताऱ्याजवळ लय वेळ होता. त्यानं समुद्र आटतानी पाह्यला. पोरीजवळ एकच वर्ष हाय."

ते वर्ष मी जवळून पाहिलं आणि ते पाहणं सोपं नव्हतं. मोनाली रोज यायची. सायकल भिंतीला, ओढणी कमरेला. शिटी वाजली की पळायची, दुसरी वाजली की थांबायची. सरांशी एक शब्दही बोलायची नाही. काही विचारायचं असलं तर दुसऱ्या पोरीला पुढे करायची. भूविज्ञानाचं शेवटचं वर्ष होतं तिचं. वर्गात मागच्या बाकावर बसायची, लिहायची, उठून जायची. सर घड्याळ बघून टाइम मोठ्यानं सांगायचे, कुणाकडेही न बघता, हवेत. ती ऐकायची आणि मान वळवायची. नव्या फेऱ्यावर सुरुवातीला ती रोज मागे पडत होती. दिवाळीनंतर मागे पडणं कमी झालं, संक्रांतीपर्यंत भरतीच्या वेळेच्या बरोबरीला आली.

मी एकदा तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, अगं, किती दिवस हे? त्यांचा विषय गेला, त्यांच्याकडे बघ तरी. ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "आधी निघू द्या मले, मॅडम." तो राग होता की आणखी काही, मला तेव्हा कळलं नाही. सरांना मी हे सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी तिची तक्रार केली नाही. फक्त चालताना आता त्यांचे ओठ हलत नसत. त्यांनी मोजणं सोडलं होतं.

नशिबानं भरती निघाली. मोनालीनं लेखी पुन्हा काढली. शारीरिक चाचणी पुन्हा जबलपूरलाच होती. माझी बहीण तिथे राहते, म्हणून मी सगळ्यांची सोय केली आणि सोबत गेले. छिंदवाड्याहून पुढच्या बसमध्ये बाप-लेक पुढे, मी आणि सर मागे. सर त्या काळात बरे नव्हते. दम लागायचा, अंगातला शर्ट सैल झाला होता. मी येऊ नका म्हटलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्टँडवर माझ्या आधी येऊन उभे होते.

मैदानाला उंच भिंत आणि एक फाटक. उमेदवार आत, बाकीचे बाहेर. बाहेर रस्त्यावर आईबाप, भाऊ, कोच, रसवाले. आत शिटी वाजली की सगळे फाटकाच्या फटीला डोळा लावायचे. कामडीभाऊ तिथेच गर्दीत होते. सर गेले नाहीत. भिंतीच्या सावलीत, भिंतीकडे पाठ करून जमिनीवर बसून राहिले. मी विचारलं, बघायचं नाही का? म्हणाले, "मी पाह्यल्यानं काही होत नाई आता." आतून शिट्या ऐकू येत होत्या. कोणती तिची ते कळायला मार्ग नव्हता.

ऊन चढत गेलं, सावली आक्रसत गेली, तसे सर भिंतीला आणखी चिकटून बसले. पोरी टोळ्याटोळ्यांनी बाहेर येत होत्या. कुणी आईच्या गळ्यात पडत होती, कुणी रस्त्यातच बसून रडत होती. एका पोरीचा बाप तिला उगाच रागावत होता. मला सरांकडे बघवेना.

मग मोनाली आली. छातीवर नंबर, केस कपाळाला चिकटलेले, बूट काढून हातात घेतलेले. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. कामडीभाऊ पुढे झाले. तिनं त्यांच्या दंडाला नुसता हात लावला आणि ती तशीच पुढे, भिंतीकडे आली. सर भिंत धरून उठले. दोघं समोरासमोर उभे राहिले. ती सरांच्या हातातल्या पिशवीकडे बघत होती.

"सर, पाणी आहे का?" ती म्हणाली.

सरांनी पिशवीतून बाटली काढली. झाकण त्यांना उघडेना. तिनं बाटली त्यांच्या हातून घेतली, उघडली, उभ्यानंच घटाघटा प्यायली, थोडं तोंडावर मारलं. मग उरलेलं त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. तुम्हीबी पेले नसान सकाळपासून." ते प्यायले. सगळं पाणी संपेपर्यंत ती तिथेच उभी होती. मग म्हणाली, "निघाली मी, सर. वेळेच्या आत."

त्यांनी मान हलवली. किती वेळ लागला, कितव्या नंबरावर आली, काहीच विचारलं नाही. ती बापाकडे गेली आणि आता तिला रडू आलं. कामडीभाऊंनी तिला धरलं, तेही रडत होते, आणि मीही.

सर भिंतीशी एकटे उभे होते. रिकामी बाटली हातात, आणि खाली वाकून झाकण शोधत होते. धुळीत इकडे, तिकडे, बुटाच्या बाजूला, पुन्हा पुन्हा त्याच जागी. झाकण मोनालीच्या मुठीत राहिलं होतं, मी उभी होते तिथून मला दिसत होतं. पण मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा खाली ठेवायला त्यांना काहीतरी हवं होतं. मी शोधू दिलं.